मराठवाड्यातील महिला खो-खो : नियम, नोंद आणि सीमा

मराठवाड्याच्या आधुनिक इतिहासासंबंधी जे लेखन झाले आहे त्यात हैदराबादचा मुक्तिसंग्राम, शिक्षणसंस्थांची उभारणी, सहकार आणि दुष्काळ या विषयांचा ऊहापोह पुष्कळ झाला. शाळेच्या पटांगणावर संध्याकाळी जे घडत होते त्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. आणि त्या पटांगणावर मुली काय करीत होत्या हा प्रश्न तर विचारला गेलाच नाही म्हटले तरी चालेल. वस्तुतः नांदेड, लातूर, धाराशिव या टापूतील स्त्रियांच्या सार्वजनिक जीवनाचा एक महत्त्वाचा भाग गेल्या सहा दशकांत खो-खोच्या मैदानावर घडला. त्याचा मागोवा घेऊ पाहणाऱ्या संशोधकास दोन अडचणी येतात. एक नियमांतून निर्माण होते, दुसरी राजकीय व प्रशासकीय सीमांतून. या दोन्ही अडचणींचे स्वरूप उलगडून दाखविणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम खेळाचे तंत्र समजून घेणे अवश्य आहे. कारण खो-खो पाहिलेला नाही असा मराठी वाचक विरळा असला, तरी त्याचे नियम नीट माहीत असणारे थोडेच असतात.

मैदान आयताकृती असते. प्रचलित मापाप्रमाणे सुमारे २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद. त्याच्या मध्यातून लांबीच्या दिशेने ३० सेंटिमीटर रुंदीची एक अरुंद पाटी जाते व तिच्या दोन्ही टोकांस एकेक लाकडी खांब रोवलेला असतो. या मधल्या पाटीस आठ आडव्या पाट्या छेदतात आणि प्रत्येक छेदापाशी एक चौकोन तयार होतो. पाठलाग करणाऱ्या संघातील आठ खेळाडू या आठ चौकोनांत बसतात. पण एकीचे तोंड एका बाजूस तर तिच्या शेजारणीचे दुसऱ्या बाजूस, असे आळीपाळीने. नववी खेळाडू खांबापाशी उभी असते. ती त्या क्षणीची आक्रमक. प्रतिपक्षाच्या नऊ खेळाडू तीन-तीनच्या तुकड्यांनी मैदानात उतरतात, त्या संरक्षक. आक्रमकाने हाताने स्पर्श केला की संरक्षक बाद. प्रत्येक बाद खेळाडूमागे पाठलाग करणाऱ्या संघास एक गुण मिळतो. पाठलागाची एक पाळी आणि पळण्याची एक पाळी मिळून एक डाव होतो, व असे दोन डाव म्हणजे एक सामना. प्रौढ गटात पाळी नऊ मिनिटांची धरली जाते. लहान वयोगटात ती कमी असते.

एवढ्यावरून हा साधा पकडापकडीचा खेळ वाटेल. त्याचे सारे वैशिष्ट्य आक्रमकावर घातलेल्या बंधनांत आहे. आक्रमकाला मधली पाटी ओलांडता येत नाही. संरक्षक मात्र बसलेल्या दोघींमधून हवी तेव्हा पलीकडे जाऊ शकते. आक्रमकाने एकदा एका खांबाची दिशा धरली की त्या खांबापर्यंत गेल्यावाचून तिला मागे वळता येत नाही. नुसता खांदा उलट दिशेस फिरला तरी पंचाची शिट्टी वाजते. संरक्षकाला असे कोणतेही बंधन नाही. अर्थात एकटी आक्रमक कितीही चपळ असली तरी एकटीने चतुर संरक्षकास पकडणे जवळजवळ अशक्य होय. यावर उपाय एकच, तो म्हणजे खो. बसलेल्या सहकारिणीच्या पाठीमागून तिला स्पर्श करून मोठ्याने ‘खो’ म्हणावयाचे, तिच्या चौकोनात स्वतः बसावयाचे, आणि तिने ज्या बाजूस तोंड केले असेल त्या बाजूस उठून धावावयाचे. पाटीच्या पलीकडे आक्रमण न्यावयाचे असेल तर ते असेच, दुसरीच्या पायांनी न्यावे लागते. मराठीत ‘खो घालणे’ म्हणजे एखाद्याच्या कामात अडथळा आणणे. मैदानावर मात्र ‘खो देणे’ म्हणजे आपले काम वेळीच दुसऱ्याच्या स्वाधीन करणे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ परस्परांपासून इतके दूर कसे गेले, हा भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

संरक्षणाची कला याच्या उलट एकटीची आहे. साखळी पद्धतीत संरक्षक बसलेल्या खेळाडूंच्या मधून नागमोडी पळत राहते. प्रत्येक वळणावर ती पाटीच्या अशा बाजूस जाते की आक्रमकास खो दिल्यावाचून गत्यंतर उरत नाही. खो दिला की नव्या आक्रमकास उठून वेग घेण्यास जो क्षण लागतो तेवढी तिची कमाई. खांबाच्या पलीकडच्या मोकळ्या क्षेत्रात आक्रमकावरील दिशेचे बंधन सुटते, म्हणून निष्णात संरक्षक तेथे फार वेळ रेंगाळत नाही. तेथे नेऊन कोंडणे, किंवा खांबाच्या आधाराने सूर मारून तिला टिपणे, हे आक्रमकाचे डावपेच.

येथे नोंदीचा प्रश्न उद्भवतो. पारंपरिक नियमांनुसार गुण फक्त पाठलाग करणाऱ्यास मिळतात. संरक्षकाचे कर्तृत्व गुणांत मोजले जात नाही. ते मिनिटे व सेकंद यांत लिहिले जाते. त्याचे खरे मोल थोड्या हिशेबाने लक्षात येईल. नऊ मिनिटांत नऊही खेळाडू एकेकदा बाद झाल्या असे धरल्यास दर मिनिटास एक गुण पडतो. आता समजा, तुकडीतील दोघी लवकर बाद झाल्या आणि तिसरी एकटी तीन मिनिटे टिकली. ती बाद होईपर्यंत पुढची तुकडी मैदानात येत नाही. म्हणजे त्या तीन मिनिटांत प्रतिपक्षास बाद करण्यासाठी दुसरे कोणीच नाही आणि गुणफलक थिजलेला राहतो. सरासरीच्या मानाने एकट्या मुलीने तीन गुण वाचविले; परंतु गुणांच्या रकान्यात तिच्या नावावर शून्य. पुढे कोणी केवळ अंतिम गुणसंख्येवरून त्या सामन्याचा इतिहास लिहू लागला, तर त्या दिवशीची सर्वश्रेष्ठ खेळाडू त्याच्या दृष्टीस पडणारच नाही. वृत्तपत्रांच्या क्रीडावृत्तांत एक ठरावीक वाक्य असते : अमुक हिने इतकी मिनिटे संरक्षण केले व इतके गडी बाद केले. या वाक्याचा पूर्वार्ध संशोधकाने उत्तरार्धाहून अधिक काळजीपूर्वक वाचावयास हवा. (गडी हा शब्दही लक्षणीय आहे. दोन्ही संघांत मिळून अठरा मुली असल्या तरी बाद होतो तो ‘गडी’च. खेळात स्त्रिया आल्या, पण परिभाषा बदलण्याची निकड कोणास भासली नाही.)

खो-खोची परंपरा महाभारतकाळापर्यंत नेण्याची हौस क्रीडाप्रेमी मंडळींत पुष्कळ आहे. रथांच्या शर्यती, चक्रव्यूह इत्यादींशी त्याचा संबंध जोडला जातो. अशा दाव्यांत इतिहासापेक्षा अभिमानाचा अंश मोठा असतो. खेळाचा लिखित इतिहास नियम लिहिले जातात तेव्हापासून सुरू होतो, आणि खो-खोच्या बाबतीत तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झाला. १९१४ मध्ये पुण्यात जिमखान्याच्या समितीने नियम बांधले. १९२४ मध्ये बडोद्याच्या जिमखान्याने नियमावली छापली. १९३० नंतरच्या दशकात अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने खो-खो व आट्यापाट्या यांच्या नियमांच्या आवृत्त्या काढून त्यांस स्थैर्य आणले.

पुणे व बडोदे ही ठिकाणे ध्यानात घेतली म्हणजे मराठवाड्याचे वेगळेपण उघड होते. नियमांची घडण ज्या काळात झाली त्या संपूर्ण काळात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे निजामाच्या राज्यात होते. लातूर हे तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे व व्यापाराचे गाव. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. सभासंमेलनांवर निर्बंध घालणाऱ्या ‘गश्ती निशान ५३’ या १९२९ च्या फर्मानाची आठवण मुक्तिसंग्रामाच्या साहित्यात वारंवार येते. हिप्परगे येथील १९२१ ची राष्ट्रीय शाळा किंवा अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा यांसारख्या संस्था होत्या. पण त्या थोड्या. ज्या राज्यात माणसे एकत्र जमणे हीच संशयाची बाब होती, तेथे व्यायाममंडळे, आंतरशालेय सामने, पंचांच्या परीक्षा असे जाळे पश्चिम महाराष्ट्रासारखे पसरणे शक्य नव्हते. मुलींच्या वाट्यास नागपंचमीचे झोके, फेर, फुगडी, झिम्मा हे खेळ होतेच. त्यांत श्रम व कौशल्य उणे नव्हते. परंतु हारजीत नव्हती, पंच नव्हता आणि परगावी जाण्याचा प्रसंगही नव्हता.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. याच सुमारास खो-खोची राष्ट्रीय पातळीवर बांधणी चालू होती. १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली, आणि पुढच्याच हंगामात, १९६०-६१ मध्ये, कोल्हापूर येथे स्त्रियांसाठी स्पर्धेचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. या दोन घटनांची सांगड आजवर कोणी घातलेली दिसत नाही. ती घालणे उद्‌बोधक ठरेल. पुणे, बडोदे येथे महिला खो-खो हा पुरुषांच्या अर्धशतकाच्या परंपरेस मागाहून जोडलेला विभाग होता. मराठवाड्यात मात्र संघटित खो-खो आला तो महाराष्ट्राच्या चौकटीतून, आणि त्या चौकटीत महिला विभाग जवळजवळ प्रारंभापासूनच होता. पुरुषांचा जुना दबदबा असलेले आखाडे व मंडळे आड न येता शाळेच्या मार्गाने मुली मैदानावर आल्या. पुढील काळात या मागास म्हणविल्या जाणाऱ्या प्रदेशातून देशाच्या महिला संघाचे नेतृत्व निघाले, त्याचे एक कारण येथे असावे.

महिला विभागाचे नियम पुरुषांच्या नियमांहून तत्त्वतः वेगळे नाहीत, हेही महत्त्वाचे. पाटी तीच, खांब तेच, दिशेचे बंधन तेच. पुरस्कारांच्या नावांत मात्र त्या काळची दृष्टी डोकावते. राष्ट्रीय स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट पुरुष खेळाडूस एकलव्य पुरस्कार, स्त्री खेळाडूस राणी लक्ष्मीबाई पुरस्कार, आणि लहान गटातील मुलीस जानकी पुरस्कार दिला जातो. ज्या खेळात हाताच्या स्पर्शावर सारे अवलंबून, त्याच्या सर्वोच्च पुरस्कारास अंगठा गमावलेल्या धनुर्धराचे नाव असावे, आणि लक्ष्मणरेषेच्या कथेशी जिचे नाव निगडित झाले तिचे नाव रेषा ओलांडण्यात तरबेज अशा मुलीस मिळावे, यात गंमत आहे खरी. १९७० मध्ये सुधीर परब यांना खो-खोतील पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला. लगोलग १९७१ मध्ये गुजरातच्या अचला देवरे यांना तो मिळाला. इतर अनेक खेळांत स्त्रियांना या सन्मानासाठी दीर्घकाळ ताटकळावे लागले, तेथे खो-खोत हे अंतर एका वर्षाचेच राहिले.

आता सीमांची अडचण. समजा, एखाद्या संशोधकास लातूरच्या महिला खो-खोचा १९६० ते १९९० या काळाचा इतिहास लिहावयाचा आहे. जिल्हावार नोंदी चाळताना पहिली बावीस वर्षे त्यास लातूर आढळणारच नाही. कारण लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झाला. त्यापूर्वी लातूर, उदगीर, निलंगा, अहमदपूर येथील मुली जिल्ह्याकडून खेळल्या तर त्या उस्मानाबादच्या म्हणून खेळल्या. उलट १९८२ नंतर उस्मानाबादच्या नोंदीत एकाएकी घट दिसली, तर ती खेळाची अवनती समजण्याचे कारण नाही. परभणीच्या बाबतीत हीच सावधगिरी १९९९ मध्ये हिंगोली वेगळी झाली तेथे बाळगावी लागेल. त्यातच २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. म्हणजे एकाच मैदानावर घडलेल्या तीन पिढ्यांच्या नोंदी वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेल्या आहेत.

विद्यापीठीय स्पर्धांची स्थिती याहून गुंतागुंतीची. १९५० मध्ये नांदेड येथे पीपल्स कॉलेज स्थापन झाले तेव्हा या भागातील महाविद्यालयांचा संबंध हैदराबादशी होता. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले आणि पुढील छत्तीस वर्षे नांदेड-लातूरच्या विद्यार्थिनी त्या विद्यापीठाच्या नावाने आंतरविद्यापीठ स्पर्धांत उतरत राहिल्या. १९९४ मध्ये नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा नांदेड, लातूर, परभणी हे जिल्हे त्याच्याकडे आले; बीड, उस्मानाबाद मात्र जुन्याच विद्यापीठाकडे राहिले. शालेय पातळीवर एका टापूतल्या म्हणून परस्परांच्या मैदानावर खेळलेल्या लातूर व धाराशिवच्या मुली महाविद्यालयात गेल्यावर दोन निरनिराळ्या विद्यापीठांच्या संघांत विभागल्या गेल्या. खेळाची सलगता एक, कागदपत्रांची दुसरी. ‘लातूरचा खो-खो’ किंवा ‘नांदेडचा खो-खो’ असा विषय घेणाऱ्या प्रबंधकाराने प्रथम हा नकाशा आखून घ्यावा. त्यावाचून केलेली आकडेवारी दिशाभूल करील.

हा खेळ या भागातील मुलींच्या वाट्यास का आला याचे सरळ उत्तर, तो स्वस्त आहे, असे दिले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. दोन खांब, फक्की आणि शिट्टी एवढ्यावर सामना होतो, हे निश्चित. परंतु मैदान स्वस्त असले तरी आपोआप मिळत नाही. लातूर-नांदेडकडील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात चिकट होते. सूर मारणाऱ्या खेळाडूचे गुडघे व कोपरे सुरक्षित राहावयाचे तर त्यावर चांगली माती पसरून, दगडखडे वेचून, पाणी शिंपून ती दाबावी लागते. हे काम कोणीतरी नित्य करावयाचे असते. बहुधा शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आणि खेळाडूच ते करतात. मराठवाड्यात पाणी शिंपणे ही किती अवघड मागणी असू शकते हे सांगावयास नको. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीत गुवाहाटी-शिलाँग येथे झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत खो-खोचा समावेश झाला होता, आणि सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती उस्मानाबादची सारिका काळे.

सारिका काळे यांचे उदाहरण केवळ गौरवासाठी घ्यावयाचे नाही. घरची परिस्थिती अशी की कित्येक वर्षे दिवसातून एकच वेळ जेवण मिळे, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास त्या खो-खोकडे वळल्या व प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या हाताखाली घडल्या. मध्यंतरी खेळ सोडून देण्याचा विचारही त्यांच्या मनात आला होता. पुढे त्या तालुका क्रीडा अधिकारी म्हणून शासकीय सेवेत आल्या आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. १९९८ मध्ये शोभा नारायण यांना तो मिळाल्यानंतर खो-खोच्या वाट्यास हा सन्मान बावीस वर्षांनी आला.

या चरित्रात ‘हौशी’ या शब्दाचा अर्थ तपासून पाहण्यास जागा आहे. क्रीडासंघटनांच्या परिभाषेत हौशी म्हणजे वेतन न घेता खेळणारा. कबड्डीच्या राष्ट्रीय महासंघाच्या नावातच हा शब्द दीर्घकाळ होता. या कल्पनेचा उगम इंग्लंडमधील ज्या वर्गात झाला त्याला खेळून पोट भरण्याची गरज नव्हती. मराठवाड्यातील खेळाडू मुलीस मोबदला मिळत नाही म्हणून ती हौशी. पण तिच्या खेळण्यास हौस म्हणणे म्हणजे वस्तुस्थितीकडे पाठ फिरविणे होय. दहावी-बारावीच्या परीक्षेतील वाढीव क्रीडागुण, आणि एप्रिल २००५ च्या शासननिर्णयाने खेळाडूंसाठी शासकीय सेवेत ठेवलेले पाच टक्के आरक्षण, या दोन गोष्टींनी खेळाचे प्रमाणपत्र घरच्यांच्या दृष्टीने मोलाचे केले. मुलीस परगावी सामन्यास पाठवावे की नाही, तिचे लग्न दोन वर्षे लांबवावे की नाही, या घराघरांतील वादांत ते प्रमाणपत्र साक्षीदार म्हणून उभे राहते. आरक्षणाच्या नियमांचे गुणदोष काही असोत. महिला खो-खोच्या सामाजिक इतिहासात त्या शासननिर्णयास नियमावलीइतकेच स्थान द्यावे लागेल.

येथे परदेशातील एका खेळाशी तुलना उपयुक्त ठरेल. अमेरिकेत चाकांच्या बुटांवर खेळला जाणारा रोलर डर्बी हा खेळ शिकागो येथे १९३५ मध्ये लिओ सेल्ट्झर या व्यावसायिकाने धंद्यासाठी सुरू केला. त्यात आरंभापासून स्त्रिया होत्या. तो धंदा पुढे बसला. पण २००१ नंतर टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे स्त्रियांनी तो हौशी खेळ म्हणून पुन्हा उभा केला. लंबवर्तुळाकार सपाट मार्गावर प्रत्येक बाजूच्या पाच-पाच खेळाडू असतात. त्यांतील एकीच्या शिरस्त्राणावर ताऱ्याचे आवरण असते. प्रतिपक्षाच्या घोळक्यातून प्रथम एकदा वाट काढल्यावर पुढील फेऱ्यांत ती ओलांडील त्या प्रत्येक प्रतिस्पर्धिनीमागे तिच्या संघास एक गुण मिळतो. अशी एक चकमक जास्तीत जास्त दोन मिनिटे चालते, आणि सामना तीस-तीस मिनिटांच्या दोन भागांचा असतो. वाट काढणारी अडकली तर ताऱ्याचे आवरण काढून ती ठरलेल्या सहकारिणीच्या हाती देऊ शकते व तिचे काम दुसरी करू लागते. हा खोच नव्हे काय? पाठलाग, कोंडी, आणि भूमिका हस्तांतरित करण्याची युक्ती ही दोन्हीकडे सारखी आहेत. परस्पर संबंध मात्र कोणताही नाही.

खरा भेद कारभारात आहे. त्या खेळाचे नियम तो खेळणाऱ्या स्त्रियांनीच आपल्या संघटनेत बसून ठरविले, आणि अनेक ठिकाणी साहित्याचा, प्रवासाचा व जागेचा खर्चही त्या स्वतःच सोसतात. खो-खोचे नियम मुख्यतः पुरुषांच्या समित्यांनी केले. स्त्रिया त्या नियमांत आल्या व त्यांत प्रवीण झाल्या. उलटपक्षी खो-खोच्या मुलीमागे शाळा, जिल्हा संघटना आणि शासन यांची अपुरी का होईना पण एक व्यवस्था आहे. स्वायत्तता एकीकडे, आधार दुसरीकडे. हातावर पोट असलेल्या घरातील मुलीच्या दृष्टीने पाहिल्यास, स्वतःच्या खर्चाने चालणारी स्वायत्त संघटना हा पर्याय तिच्यापुढे कधी नव्हताच. म्हणून पाश्चात्त्य उदाहरण आदर्श म्हणून पुढे करणे सयुक्तिक होणार नाही. मात्र नियम करणाऱ्या समितीत खेळलेल्या स्त्रिया किती, हा त्यातून निघणारा प्रश्न येथेही विचारण्यासारखा आहे.

तो प्रश्न अलीकडे अधिक निकडीचा झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्याजवळ बालेवाडी येथे ‘अल्टिमेट खो-खो’ ही व्यावसायिक लीग सुरू झाली. मैदान लहान झाले, मातीऐवजी मॅट आली, नवांऐवजी सात खेळाडू झाले, पाळी सात मिनिटांवर आली. दिशेचे बंधन नसलेला ‘वजीर’ नावाचा आक्रमक निर्माण करण्यात आला. आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ठरावीक काळाहून अधिक टिकणाऱ्या तुकडीस गुण देण्यात येऊ लागले. संरक्षणाचे मोल गुणांत मांडण्याची ही सोय, जिचा अभाव वर दाखविला आहे, पैशाच्या खेळाबरोबर आली हे नमूद केले पाहिजे. मात्र २०२२ व २०२३-२४ या दोन्ही हंगामांत लीगचे सहाही संघ पुरुषांचे होते. संरक्षणास गुण मिळू लागले, पण त्या मंचावर ज्यांचे संरक्षण मोजले गेले त्यांत महिला नव्हत्या.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे झालेल्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेत हाच वेगवान प्रकार महिलांनाही खेळावयास मिळाला. पुण्याच्या प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाने अंतिम सामन्यात नेपाळवर ७८-४० असा विजय मिळविला. धाराशिवची अश्विनी शिंदे त्या संघात होती. ७८ हा आकडा जुन्या नियमांशी परिचित असलेल्यास गोंधळात टाकील, कारण नव्या प्रकारात एका स्पर्शास एकाहून अधिक गुण मिळतात. जुन्या व नव्या नोंदींची तुलना करू इच्छिणाऱ्यास गुणांचा उपयोग यापुढे होणार नाही. दोन्ही पद्धतींत समान राहिलेले माप एकच आहे, ते म्हणजे संरक्षकाने मैदानात काढलेला वेळ. जिल्हा व विद्यापीठ पातळीवरील जुनी गुणपत्रके जेथे शिल्लक असतील तेथे त्यांतील मिनिटांचा रकाना प्रथम उतरवून घ्यावा. निकाल वृत्तपत्रांत सापडतील. तो रकाना बहुधा अन्यत्र सापडणार नाही.